प्लेटच्या मागचा आकडा: घरच्या सोलरचा हिशेब थंडीच्या सकाळी करायचा

(अड्याळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



तत्त्वज्ञानाचा मास्तर सोलरवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. पण माझ्या छतावर मी एक यंत्र जाळलेलं आहे, आणि ते का जळलं हे समजून घ्यायला मला दोन महिने लागले. तेच आज सांगायचं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं. तेव्हापासून भंडाऱ्याहून पवनीकडे येताना छतांवर निळ्या-काळ्या प्लेटा दिसायला लागल्या. पॅनल म्हणा, प्लेट म्हणा, आपल्याकडे प्लेटच म्हणतात. त्यातच आपल्याकडे लाईन जाते, म्हणून बऱ्याच लोकांना हायब्रिड इन्व्हर्टर हवा असतो. हायब्रिड म्हणजे काय, तर तिघांना एकत्र सांभाळणारं यंत्र: सोलर, बॅटरी आणि महावितरणची लाईन. ऊन असलं की सोलरवर घर चालवायचं, उरलेली वीज बॅटरीत भरायची, दोन्ही नसलं तर लाईन घ्यायची.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे ३ केव्हीएचं, २४ व्होल्ट बॅटरीचं यंत्र होतं. त्यावर ५४० वॉटच्या दोन प्लेटा होत्या. दोन वर्षं छान चाललं. मग एका मे महिन्यात मला वाटलं, तिसरी प्लेट वाढवावी. आपल्या भागातलाच एक तरुण वायरमन आला. तो म्हणाला, "काकाजी, कंपनीवाल्याला एकदा विचारून घेऊ का?" मी म्हटलं, कशाला विचारायचं? हा गुणाकार आहे. प्लेटच्या मागच्या स्टिकरवर लिहिलं होतं ४१.६ व्होल्ट. तिप्पट केले, १२४.८. यंत्राच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, सोलरचं कमाल व्होल्टेज १४५. म्हणजे २० व्होल्टची फट आहे. जोड म्हटलं सिरीजमध्ये.

पोरगा सावध होता. त्यानं भर दुपारी, यंत्राला लावायच्या आधी, मीटरनं तिन्ही प्लेटांचं व्होल्टेज मोजलं. मीटरवर १२९ आले. बघा, माझा हिशेब १२५, मीटर १२९. दोन्ही जुळले. मला इतका आनंद झाला की मी त्याला म्हटलं, "गणित कधी खोटं बोलत नाही."

पावसाळ्यात दोन-तीनदा स्क्रीनवर जास्त व्होल्टेजचा इशारा आला आणि गेला. आम्ही यंत्र बंद करून परत चालू केलं. आणि डिसेंबरात एका सकाळी, रात्रभर दाट धुकं होतं, प्लेटा दवानं ओल्या होत्या, साडेआठच्या सुमाराला धुकं एकदम फाटलं, लख्ख ऊन पडलं, आणि आतून फट्‌ असा आवाज आला. यंत्र गेलं. कंपनीनं वॉरंटी नाकारली, कारण यंत्राच्या नोंदीत मर्यादेबाहेरचं व्होल्टेज दिसत होतं. त्यांचं चुकलं नाही. पण मी काय केलं? जो विचारेल त्याला सांगितलं, "पोरानं चुकीचं जोडलं." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता बघू काय झालं ते.

प्लेटच्या मागच्या स्टिकरवर व्होल्टेजचे दोन आकडे असतात. माझ्या प्लेटवर एक होता ४१.६ आणि दुसरा ४९.५. पहिल्याला व्हीएमपी म्हणतात, दुसऱ्याला व्हीओसी. फरक कळायला नळाचं उदाहरण घ्या. टाकीला जोडलेला पाइप आहे आणि नळ बंद आहे. पाणी वाहत नाही, पण पाइपातला दाब पूर्ण आहे. नळ उघडला की पाणी वाहतं आणि दाब थोडा उतरतो. व्हीओसी म्हणजे नळ बंद असतानाचा दाब, म्हणजे प्लेटमधून कोणी वीज घेतच नाही तेव्हाचं व्होल्टेज. व्हीएमपी म्हणजे प्लेट सर्वांत जास्त काम करत असतानाचं व्होल्टेज. आता सांगा, पाइप फुटतो कधी? नळ चालू असताना की बंद असताना?

बंद असताना. म्हणून यंत्र सहन करेल की नाही हे ठरवताना ४१.६ बघायचेच नसतात, ४९.५ बघायचे असतात. तीन प्लेटा म्हणजे १४८.५. यंत्राची हद्द १४५. म्हणजे कागदावरच मी हद्दीबाहेर होतो. आणि असा "बंद नळ" रोज येतो. सकाळी यंत्र जागं व्हायच्या आधी येतो. बॅटरी भरलेली असते, घरात पंखासुद्धा चालू नसतो, तेव्हाही येतो. माझी बॅटरी त्या सकाळी लाईनवर रात्रभर भरून ठेवलेली होती.

मग तुम्ही विचाराल, मीटरनं १२९ कसे दाखवले? मीटर तर उघड्या प्लेटांवरच लावलं होतं. तिथे तर व्हीओसीच दिसायला हवा, १४८.५.

इथे गंमत आहे, आणि इथेच माझा विषय येतो. मी अनेक वर्षं तर्कसंग्रह शिकवला. त्यात डोंगरावरच्या धुराचं आणि अग्नीचं उदाहरण आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं केलं तर? अग्नी आहे म्हणून धूर आहे? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर कुठे आहे? अग्नीला धूर तेव्हाच येतो जेव्हा लाकूड ओलं असतं. या "ओलं लाकूड असेल तर" ला नैयायिक उपाधी म्हणतात. म्हणजे वाक्याच्या पोटात लपलेली अट. अट दिसली नाही की खरं वाक्यही आपल्याला फसवतं.

स्टिकरवरच्या ४९.५ च्या पोटातही अट आहे. ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते: एसटीसी. तिचा अर्थ असा, की दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि प्लेटमधल्या सेलचं तापमान २५ अंश. हवेचं नाही बरं का, सेलचं. आता आपल्या अड्याळात मे महिन्याच्या दुपारी सेल २५ अंशांवर असतो का? हवा ४५, आणि उन्हात तापलेली काळी प्लेट त्याच्या ३० अंश वर. ७५ अंश धरा. हात ठेववत नाही.

आणि सिलिकॉनचा स्वभाव असा आहे की तो तापला की व्होल्टेज उतरतं. प्रत्येक अंशामागे एका सेलचं साधारण २ मिलिव्होल्ट. प्लेटमध्ये असे ७२ सेल रांगेत असतात. लोकांचा समज उलटा असतो, ऊन कडक तर व्होल्टेज जास्त. प्लेटला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. उष्णता तिची शत्रू आहे.

किती उतरतं, हेही पत्रिकेवर असतं. माझ्या प्लेटला लिहिलं होतं, व्हीओसीसाठी दर अंशाला उणे ०.२७ टक्के. मग मे महिन्याचा हिशेब करा. २५ वरून ७५, फरक ५० अंश. ५० गुणिले ०.२७ म्हणजे साडेतेरा टक्के कमी. ४९.५ चे झाले ४२.८. तिप्पट, १२८ च्या थोडं वर. म्हणजे पोराचं मीटर अगदी खरं सांगत होतं! पण ते मे महिन्याचं खरं होतं. आणि माझा १२४.८ चा हिशेब भलताच आकडा घेऊन केलेला होता. एक चुकीचा हिशेब आणि एक अर्धवट खरं मोजमाप योगायोगानं शेजारी येऊन उभे राहिले, आणि मी त्याला पुरावा म्हटलं. आयुष्यभर मुलांना शिकवलं की दोन गोष्टी जुळल्या म्हणजे सिद्ध झालं असं नाही. घरी आल्यावर विसरलो.

आता तोच हिशेब थंडीचा करा. आपल्याकडे किती थंडी पडते? नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले. नागपूर काही आपल्यापासून लांब नाही. मी म्हणतो शून्य धरा. आपल्याकडे शून्य होत नाही, पण तोंडी हिशेब सोपा जातो आणि थोडी फट राहते. २५ वरून शून्य, फरक २५. २५ गुणिले ०.२७, पावणेसात टक्के. या वेळी वाढ. ४९.५ चे झाले ५२.८. तिप्पट, १५८. हद्द १४५. माझ्या त्या सकाळी शून्य नव्हतं. पण धुक्यात रात्रभर गारठलेल्या प्लेटांवर एकदम ऊन पडलं. तापायला प्लेटला काही मिनिटं लागतात, व्होल्टेज यायला क्षण लागतो. तेवढ्यात खेळ झाला.

मंडळी, आपला जिल्हा तलावांचा. आपल्या कोहळी पूर्वजांनी जे मालगुजारी तलाव बांधले, त्यांची पाळ सरासरी पावसावर बांधली का? सरासरीवर बांधली असती तर पहिल्याच मोठ्या पुरात फुटली असती. पाळ बांधायची सर्वांत मोठ्या पाण्यासाठी, आणि पिकाचा विचार करायचा सर्वांत कमी पाण्यासाठी. सोलरचंही तेच. वरची हद्द बघायची वर्षातल्या सर्वांत थंड सकाळी. खालची हद्द बघायची सर्वांत गरम दुपारी.

खालची हद्द म्हणजे काय, ते सांगतो. इन्व्हर्टरच्या पत्रिकेवर एक पट्टा दिलेला असतो, एमपीपीटी पट्टा. या दोन आकड्यांच्या मध्ये प्लेटांचं चालू व्होल्टेज असेल तरच यंत्र त्यांच्याकडून पूर्ण काम काढून घेतं. इथे मात्र व्हीएमपी बघायचा. काम चालू असतानाचा प्रश्न आहे ना.

हल्ली पाच किलोवॉटची यंत्रं मिळतात, त्यातल्या एका प्रकाराचे आकडे असे असतात: कमाल ५०० व्होल्ट, पट्टा १२० ते ४३०. समजा कोणी म्हणालं, सध्या पैसे कमी आहेत, तीनच प्लेटा लावतो. तीन गुणिले ४१.६, १२४.८. पट्ट्यात बसतं, कागदावर. मे महिन्यात? व्हीएमपी जरा जास्त वेगानं उतरतो, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के धरा. ५० अंशांना साडेसतरा टक्के. ४१.६ चे झाले ३४.३, तिप्पट १०३. पट्ट्याच्या खाली. म्हणजे भर उन्हाळ्यात, कूलर लावायचा तेव्हाच, यंत्र नीट चालणार नाही, किंवा सुरूच होणार नाही. यात काही जळत नाही. पण माणूस वर बघतो, लख्ख ऊन आहे, आणि म्हणतो, "मला फसवलं."

म्हणजे या यंत्राला एका रांगेत कमीत कमी चार प्लेटा: चार गुणिले ३४.३, १३७. जास्तीत जास्त किती? ५०० भागिले ५२.८. नऊ प्लेटांना ४७५, चालेल. दहा प्लेटांना ५२८, चालणार नाही. पण नऊ प्लेटांचा थंडीतला व्हीएमपी पट्ट्याच्या वर जातो का, तेही बघा. ४१.६ चे थंडीत ४५.२, नऊ वेळा ४०७. ४३० च्या आत आहे. ठीक. तर उत्तर चार ते नऊ. आणि माझा सल्ला विचाराल तर काठावर बसू नका. प्लेटा जुन्या होतात तसं थोडं उतरतंही. सहा, सात, आठ असा मधला आकडा घ्या, अर्थात यंत्राला किती वॉटच्या प्लेटा चालतात ते बघून.

दोन्ही हद्दींत एक मोठा फरक आहे. खालची हद्द चुकली तर वीज कमी मिळते. वरची चुकली तर यंत्र जातं. म्हणून शंका असेल तेव्हा एक प्लेट कमी लावा, जास्त लावू नका.

मग माझ्या जुन्या यंत्राचं काय करायला हवं होतं? त्याचा पट्टा ३० ते ११५ होता. दोन प्लेटा सिरीजमध्ये: थंडीत उघडं व्होल्टेज १०६, उन्हाळ्यात चालू व्होल्टेज ६९. दोन्हीकडून सुरक्षित. वाढवायच्याच होत्या तर आणखी दोन घ्यायच्या, त्यांची वेगळी जोडी करायची आणि दोन्ही जोड्या पॅरलल लावायच्या. टॉर्चमधले सेल आठवा. एकामागे एक ठेवले की व्होल्टेजची बेरीज, शेजारी शेजारी ठेवले की व्होल्टेज तेवढंच राहतं आणि करंटची बेरीज. तेव्हा करंट १३ चा २६ अँपिअर होतो. तो यंत्राला झेपतो का, आणि एवढ्या सगळ्या प्लेटांचे वॉट झेपतात का, हेही पत्रिकेवरच बघायचं. केबल त्या मानानं जाड घ्यायची. तिसरी एकटी प्लेट त्या जोडीत बसतच नव्हती. सिरीजमध्ये व्होल्टेज बाहेर जातं, आणि दोघींच्या रांगेला एकटी पॅरलल लावली तर तिचं व्होल्टेज निम्मं, दोन्हीकडचं काम बिघडतं.

एक इशारा. हे सगळं मी तुम्ही छतावर चढावं म्हणून सांगत नाही. चारशे व्होल्टचा डीसी माणूस मारतो. त्याची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, ओढत राहते. घरातला साधा एमसीबी तिथे चालत नाही, डीसीचाच लागतो. ऊन आहे तोवर प्लेट बंद करता येत नाही. काम वायरमनलाच करू द्या. तुमचं काम हिशेब मागण्याचं आहे.

काय मागायचं? एका कागदावर चार ओळी. थंड सकाळचं एकूण व्हीओसी किती, आणि यंत्राची कमाल हद्द किती. गरम दुपारचं एकूण व्हीएमपी किती, आणि यंत्राचा पट्टा कुठून सुरू होतो. एवढं लिहून घ्या आणि मगच पैसे द्या. लिहून देणारा माणूस हिशेब करतो. तोंडी सांगणारा अंदाज करतो.

आता ते वाक्य. "पोरानं चुकीचं जोडलं." गावात मास्तरचा शब्द चालतो. माझ्या त्या एका वाक्यानं त्या मुलाची दोन-तीन कामं गेली, हे मला नंतर कळलं. पत्रिका नीट वाचली, हिशेब उलगडला, तेव्हा लक्षात आलं की त्यानं तर विचारलं होतं, कंपनीला विचारू का म्हणून. नाही मी म्हटलं होतं. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. पण घरी मागितलेली माफी घरात राहते, आणि बोललेलं मात्र चारचौघांत फिरत असतं. म्हणून आज चारचौघांतच सांगतो: जोडणी त्याची होती, हिशेब माझा होता, आणि हिशेब चुकला होता. नवीन यंत्र त्यानंच बसवलं आहे. दोन हिवाळे गेले, नीट चालू आहे.

आता प्रश्न विचारा.

प्रश्न: सर, माझ्याकडे ३३५ वॉटच्या जुन्या चार प्लेटा आहेत. त्यात नवीन ५४० च्या दोन जोडल्या तर?

उत्तर: एका रांगेत नको. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच करंट वाहतो. तुमची जुनी प्लेट ९ अँपिअरच्या आसपास देते, नवीन १३. रांगेत सगळ्या नऊवर येतील, नवीन प्लेटचे पैसे वाया. तुमच्या यंत्राला दोन वेगळे एमपीपीटी असतील तर जुन्या एकावर, नवीन दुसऱ्यावर लावा. मात्र दोनच प्लेटा त्या दुसऱ्याच्या खालच्या हद्दीत बसतात का, हे आधी बघा.

प्रश्न: आमच्या छतावर चिंचेची सावली येते दुपारनंतर.

उत्तर: सावलीचा या हिशेबाशी संबंध आहे. प्लेटचे साधारण तीन भाग असतात. एका भागावर गडद सावली आली की करंट तो भाग वगळून पुढे जातो आणि त्या प्लेटचं व्होल्टेज एक तृतीयांशानं उतरतं. लांब रांगेत हे चालून जातं. पण चारच प्लेटांची रांग असेल तर असे दोन भाग सावलीत गेले की १३७ वरून १२० च्या खाली. सावली असेल तर रांग जरा लांब ठेवा, किंवा प्लेटांची जागा बदला.

प्रश्न: एका दुकानात स्वस्तात पीडब्ल्यूएमचं यंत्र दाखवतात. त्यात हे सगळं लागत नाही म्हणतात.

उत्तर: त्यात हिशेब वेगळा लागतो. पीडब्ल्यूएम प्लेटला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतं. २४ ची बॅटरी भरताना २७ च्या आसपास असते. ४१.६ व्होल्टची प्लेट तिथे २७ वर चालेल. १३ गुणिले २७, सुमारे ३५० वॉट. ५४० चे पैसे दिले, ३५० मिळाले. त्या यंत्राला बॅटरीशी जुळणाऱ्या व्होल्टेजच्याच प्लेटा घ्याव्या लागतात.

प्रश्न (एक ताई): सर, मग हिवाळ्यात सकाळी सोलरचा स्विच बंद ठेवला आणि दहा वाजता लावला तर तिसरी प्लेट चालणार नाही का?

उत्तर: ताई, प्रश्न फार चांगला आहे. चालेल, रोज आठवण राहिली तर. पण पावसाळ्यात ढग सरकून अचानक ऊन पडतं, तेव्हाही माझ्या यंत्रानं इशारा दिला होता. आणि एखाद्या दिवशी तुम्ही लग्नाला गेलात, घरी कोणी नसलं तर? जी व्यवस्था कोणाच्या तरी रोजच्या आठवणीवर टिकते, ती व्यवस्था नाही. आकडाच दुरुस्त करा, म्हणजे निवांत झोप लागेल.